चेन पडली नव्हती

इंग्लंडमधल्या डिचलिंग बीकन या टेकडीच्या चढावर माझ्या सायकलची चेन पडली, असं मी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. पडली नव्हती. दम संपला होता. मी उतरलो, सायकल ढकलत नेली, आणि माथा यायच्या जरा आधी थांबून दोन बोटं चेनवर नीट घासून घेतली. वर उभ्या असलेल्या भाच्याला दाखवायला पुरावा नको का? वय वर्षं 52. लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर आणि भलत्याच ठिकाणी.

लंडन आणि समुद्र यांच्यामध्ये खडूच्या डोंगरांची एक रांग आहे. नाव काय, तर साउथ डाउन्स! जुन्या इंग्रजीत डाउन या शब्दाचा अर्थ टेकडी असा होतो, हे भाच्यानं हॅसक्स स्टेशनवर सायकली उतरवताना सांगितलं. तोवर उशीर झाला होता. नकाशावर बीकनची उंची 248 मीटर बघून मी घरी हसलो होतो. पुण्यातलं आमचं तळमजल्याचं घर समुद्रसपाटीपासून याच्या दुप्पट उंचीवर आहे. शिवाय पसरणी घाट मी दोनदा चढलोय, न उतरता (हे खरं आहे).

पण आपला घाट माणुसकीनं बांधलेला असतो. भरलेली गाडी चढली पाहिजे म्हणून वळसे घेत, डोंगराची समजूत काढत वर जातो. वेळ लागतो, पण पाय चालत राहतात. इथल्या रस्त्याला ही भानगडच मान्य नाही. जेमतेम दीड किलोमीटर, सरासरी चढ 9 टक्के, वळणं असली तरी तोंडदेखली. दोन्ही बाजूंची झाडी वर येऊन अशी मिळालेली, की किती राहिलंय तेही कळत नाही. 1994 साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इथून गेली होती, ही माहिती भाच्यानं चढाच्या पायथ्याशी दिली आणि निघून गेला.

मला उतरवलं ते चढानं नाही, मागच्या मोटारीनं. रस्ता अरुंद, तिला पुढे जाता येईना. हॉर्न नाही, इंजिनाची गुरगुर नाही. नुसती मागे, माझ्या वेगानं, अत्यंत सभ्यपणे. पुण्यात कुणी हॉर्न मारला असता तर निदान चिडून तरी मी वर पोचलो असतो. ती सभ्यता मला झेपेना. गवतात पाय टेकला. चालवणाऱ्या बाईंनी जाताना हात करून आभार मानले, ते वेगळंच.

"चेन?" भाच्यानं वरून विचारलं.

"चेन," मी बोटं दाखवली.

वर वारा, आइस्क्रीमची गाडी, उत्तरेला कुंपणांनी कापलेली शेतं आणि दक्षिणेला राखाडी समुद्र. फोटो काढले, सगळ्यांसारखेच आलेत.

तिथून कण्यावरच्या वाटेनं पश्चिमेला निघालो आणि मग दक्षिणेला वळलो. नुसत्या पायवाटेवर इथे सायकल चालवायची नसते. घोडेवाटेवर 1968 च्या कायद्यानं चालते, पण घोड्याला आणि पायी माणसाला आधी वाट द्यायची. खाली पांढरा खडू आणि त्यात फुटक्या गारगोट्या, धारेला काचेसारख्या. दर थोड्या अंतरावर फाटक. उघडा, सायकल घाला, लावून घ्या, नाहीतर मेंढ्या बाहेर. मला एव्हाना फाटकं आवडायला लागली होती. उतरायला सन्माननीय कारण!

आणि मग उतारावर, मेंढ्यांच्या कुरणात, ती दिसली. पांढरी छत्री. वानवडीला शिंद्यांची आहे त्या अर्थाची छत्री. संगमरवराचे आठ खांब, वर घुमट, आणि आजूबाजूला गवताशिवाय काही नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनला आणत. राजाचा जुना महाल, रॉयल पॅव्हिलियन, त्यांच्यासाठी इस्पितळ केला होता. ज्याचा त्याचा धर्म आणि जात सांभाळायला तिथे नऊ स्वयंपाकघरं चालत. जे वाचले नाहीत त्यांच्यातल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या टेकडीवर झालं आणि रक्षा समुद्रात सोडली. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झालं. छत्री उभी राहिली 1921 साली. चिता रचत तिथे आता ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. आराखडा ई. सी. हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुविशारदाचा. मुंबईचा माणूस.

हे सगळं भाच्याला फोनवर सापडलं. तो मूळचा ठाण्याचा, नऊ वर्षं लंडनला आहे. ट्रेननं तासाभराच्या अंतरावर ही जागा, आणि आज पहिल्यांदा आला होता. मला जरा बरं वाटलं, दोघांचीही काही ना काही चोरी होती म्हणून.

सायकली कुंपणाला टेकवून आत गेलो. सायकलच्या बुटांना खाली पेडलमध्ये अडकणारे क्लीट असतात, दगडावर टक टक वाजतात. चार पावलांत तो आवाज आम्हालाच नको झाला. न बोलता दोघांनी बूट काढले. गवत ओलं, मेंढ्यांच्या लेंड्या, मोज्यांची वाट लागली. दगडावरचा लेख इंग्रजी, उर्दू, पंजाबी आणि हिंदीत आहे. ससेक्सच्या टेकडीवर देवनागरी! आपण वाचतो आहोत हे कळायच्या आत मी ती मोठ्यानं वाचत होतो. खालच्या बाजूला 2010 मध्ये बसवलेली त्रेपन्न नावं आहेत. भाचा एकेक नाव ओठांतल्या ओठांत घेत होता.

तेवढ्यात एक बाई कुत्रा घेऊन आल्या. आमचे काढून ठेवलेले बूट बघितले, मागे वळल्या, कुत्र्याला कुंपणाबाहेर बांधलं आणि मग आत आल्या. बोलल्या काही नाहीत.

पायरी आली की हात आपोआप खाली जातो. पायरीला लावायचा, मग कपाळाला. मी वाकलो आणि बोटं दिसली. काळीकुट्ट, ग्रीसनं माखलेली. समोर पांढरा दगड. हात मागे घेतला, गवताला घासला. ते ग्रीस ओल्या गवताला कुठलं दाद देतंय! डावा हात स्वच्छ होता, पण तो लावायला मन होईना. शेवटी लांबूनच हात जोडले, तेही काळी बोटं आत दुमडून.

"अरे, लाव की हात," भाचा म्हणाला. "चेनचंच तर आहे."

मी काही बोललो नाही.

ब्रायटनला पोचलो पावणेतीनला. पबचं स्वयंपाकघर अडीचला बंद, आता सहाला उघडणार! एकेकाळी नऊ स्वयंपाकघरं चालवणाऱ्या गावात मला वेफर्सच्या पुड्यावर बोळवलं. दुपारी एक ते चारवरून पुण्याला हसणाऱ्यांनी एकदा इकडे यावं.

दुसऱ्या दिवशी वारा पाठीशी होता, त्यामुळे लिहिण्यासारखे हाल झाले नाहीत. सॉल्टडीनपर्यंत पांढऱ्या कड्यांच्या पायथ्यानं समुद्राला लागून वाट, मग पीसहेवन, न्यूहेवन, सीफर्ड, आणि संध्याकाळी बीची हेड. तिथे बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह आहे. कडा झिजत जवळ आला म्हणून 1999 मध्ये अख्खी इमारत 17 मीटर मागे सरकवली. चढ इथेही होते. एका चढावर मी उघडउघड उतरलो, कारण विचारलं नाही कुणी.

ईस्टबोर्नहून परतीच्या गाडीत भाचा फोनवर आदल्या दिवसाची नोंद बघत होता. कुठे किती वेग, कुठे किती थांबलो, सगळं त्यात असतं. माझ्याही सायकलवर त्यानंच यंत्र लावलं होतं, हे मी विसरलो होतो.

"मामा, बीकनवर तू एकदाच थांबलायस," तो म्हणाला. "11 सेकंद."

"बरं मग?"

"11 सेकंदांत चेन बसवतोस? दुकान टाक तू."