नऊ हजारांची टेली : आठव्या महिन्याची नोंद

रविवारी रात्री माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर पहिल्या फ्रेटपासून (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) एकविसाव्यापर्यंत, सहाही तारांवर, एकेक स्वर वाजवून पाहिला. कुठेही खरखर नाही, एकही स्वर मध्येच मेला नाही. जुलैत घेतलेली सेकंडहँड गिटार फेब्रुवारीत इथवर आली, म्हणून आजची नोंद जरा लांब आहे.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: टेलीकास्टर (थोडक्यात टेली, फेंडरचा इलेक्ट्रिक गिटारचा जुना घाट) घाटाची, इंडोनेशियात बनलेली, पॉप्लरची बॉडी, मेपलची नेक म्हणजे दांडा, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारी, चुंबकाभोवती एकाच गुंडाळीची). नऊ हजार रुपये. फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली दांड्यावरची फळी, ‘इंडियन लॉरेल’चा. हे नाव मला परदेशी वाटलं होतं. शोधलं तर निघाला आपला ऐन! सह्याद्रीत भटकताना मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल दिसते, तो. 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण मधल्या काळात स्वस्त गिटारींवर शिसवाच्या जागी ऐन रुजला होता. लाकूड कठीण आहे, तेल लावलं की गडद होतं, आणि बोटाखाली मला शिसवापेक्षा काही कमी वाटत नाही.

पहिलं काम नेकचं. दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तेच फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) मी आणलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची. 0.6 मिलिमीटर निघाली. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवला, रात्रभर थांबलो, पुन्हा मोजलं. चौथ्या दिवशी 0.25 वर आलो. बाराव्या फ्रेटवरची अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) अडीच मिलिमीटरच्या वर होती, ती जाड तारेखाली 1.7 आणि बारीक तारेखाली 1.5 वर आणली. पुण्याच्या हवेत हे एकदाच करून भागत नाही. पावसाळ्यात नेक पुढे वाकली, जानेवारीच्या कोरड्या हवेत मागे गेली. आता ऋतू बदलला की मोजतो.

खरा वेळ गेला नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर. माझी तिसरी तार बेंड केली (बोटाने बाजूला ओढून स्वर चढवला) की परत येताना थोडी उतरलेली असायची. तीन महिने मी खुंट्यांना दोष देत होतो, नवा सेट मागवायच्या बेतात होतो. मग एकदा सूर लावताना नटपाशी ‘टिंग’ असा बारीक आवाज ऐकू आला. तार खाचेत अडकत होती आणि झटक्याने सुटत होती. खुंट्यांचा काही संबंधच नव्हता. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासल्यावर निम्मा त्रास लगेच गेला, पण खाचा उंचही होत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड दाबताना मनगट दुखायचं. प्लॅस्टिकचा नट काढला आणि हाडाचा बसवायचं ठरवलं.

नटच्या खास कानशींचा संच माझ्या गिटारच्या निम्म्या किमतीचा! त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगच्या टॉर्चचं तोंड साफ करायच्या बारीक खरबरीत तारांचा संच आणला. वेगवेगळ्या जाडीच्या असतात, त्यातून आपल्या तारांना जुळणाऱ्या निवडायच्या. पहिला नट मी बिघडवला. चौथ्या तारेची खाच खोल गेली आणि तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागली. दुसऱ्याला तीन संध्याकाळी दिल्या. तिसरा फ्रेट दाबायचा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली कागदाइतकी फट उरते का ते पाहायचं. दोन घासे द्यायचे, तार चढवायची, सूर लावायचा, पाहायचं, पुन्हा उतरवायची. हे करताना मिरजेच्या तंबोऱ्यांची सारखी आठवण येत होती. तिथे जवारी लावणारा (तारेचा झंकार जुळवणारा) कारागीर घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. भोपळा आणि लाकूड कितीही चांगलं असलं तरी तंबोरा बोलायला लागतो तो त्या घासण्याने. गिटारच्या किमतीतला मोठा हिस्सा असाच हाताच्या कामाचा असतो, हे मला नट कापताना पटलं. स्वस्त गिटारवर लाकूड, तारा, चुंबक सगळं असतं. कुणी तीन संध्याकाळी दिलेल्या नसतात एवढंच.

फ्रेटचं काम डिसेंबरात. चौदावा फ्रेट किंचित वर होता, त्यामुळे तेराव्यावरचा बेंड गुदमरायचा. सगळ्या फ्रेटच्या माथ्यावर मार्कर फिरवला, सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून हलक्या हाताने घासलं, मग माथे पुन्हा गोल केले आणि शेवटी बारीक स्टील वूल. स्टील वूलआधी पिकअपवर मास्किंग टेप लावाच. लोखंडाचा तो भुगा चुंबकाला एकदा चिकटला की निघता निघत नाही. जानेवारीत ऐन आकसला आणि फ्रेटची टोकं कडेने बोचायला लागली, तीही कानशीने तिरकी मारली.

वायरिंगमध्ये फारसं काही नाही. व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) कुरकुरायचा, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून 250 किलोओहमचा नवा आणून सोल्डर केला. आतल्या पोकळीला तांब्याची टेप लावली. घरातली गुणगुण मात्र त्याने गेली नाही, कारण जुन्या वायरिंगच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दिल्यावर ती एकदम खाली आली. गिटारवर खर्च करण्याआधी घरचा सॉकेट तपासा.

आता तुलनेचं. एका मित्राची अमेरिकेत बनलेली टेली दोन आठवडे माझ्याकडे होती, किंमत माझ्या गिटारच्या विसेक पट. तिच्या फ्रेटची टोकं गारगोटीसारखी गुळगुळीत आहेत, खुंट्या लोण्यासारख्या फिरतात, आणि ब्रिजजवळच्या (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग) पिकअपच्या वरच्या स्वरांना एक गोलाई आहे, जी माझ्या सिरॅमिक चुंबकांच्या पिकअपमध्ये नाही. हे खरं आहे आणि ते मी मान्य करतो. एकटी गिटार, स्वच्छ आवाज, तर आमच्या बँडमधल्या दोघांनी डोळे मिटून फरक ओळखला. ड्रम आणि बेस सुरू झाल्यावर दोघांनाही ओळखता आला नाही. शिवाय तिच्यावर जुन्या पद्धतीचा तीन सॅडलचा (तार टेकायच्या सरकत्या ठोकळ्यांचा) ब्रिज आहे, दोन तारांना मिळून एक सॅडल. माझ्यावर सहा आहेत, त्यामुळे प्रत्येक तारेचं इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर नेमका येणं) मला स्वतंत्र लावता येतं. वरच्या फ्रेटवर माझी गिटार जास्त सुरात आहे!

आणि टेली मुळात जपून ठेवण्यासाठी बनलेलीच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर यांनी ती 1950 मध्ये बाजारात आणली, टेलीकास्टर हे नाव 1951 चं. ते स्वतः गिटार वाजवत नसत. नेक सरसाने चिकटवण्याऐवजी त्यांनी चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे ती झटपट बनेल आणि खराब झाली तर काढून दुसरी लावता येईल. मी डिसेंबरात तेच चार स्क्रू काढून नेक ओट्यावर ठेवली होती. मित्राच्या टेलीचेही चार स्क्रूच आहेत, पण त्याने ते कधी उघडलेले नाहीत. उघडायची भीती वाटते, म्हणतो. तालमीलाही तो ती आणत नाही.

माझी स्टँडवर, पलंगाच्या हाताशी असते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत स्केल, जेवणानंतर चाळीस मिनिटं बेंड. ट्यूनर समोर ठेवून पूर्ण स्वराची मींड अचूक जागी पोचते का ते पाहतो. सप्टेंबरात दहापैकी चार बरोबर यायच्या, आता आठ येतात. त्यातल्या किती नटमुळे आणि किती बोटांमुळे, ते वेगळं काढता येत नाही. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या मांडवात भर पावसात वाजवली. दुचाकीवर पाठीला लावून खड्ड्यांतून रोज नेतो. बॉडीवर दोन टवके उडालेत, ट्यूनिंग जागच्या जागी.

पुढचं काम माझ्या गिटारचं नाही. शेजारच्या नववीतल्या मुलीने सात हजारांची गिटार घेतली आहे आणि एफ दाबताना हात दुखतो म्हणून सोडून द्यायच्या गोष्टी करतेय. शनिवारी ती गिटार घेऊन येणार आहे. नट तीच कापेल, मी शेजारी बसेन. हाडाचे तुकडे दोन आणून ठेवलेत.