आमची वाटचाल : चकचकीत घड्याळाकडून अस्सल घड्याळाकडे

वडिलांनी पुण्यात घड्याळ दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा एचएमटीचा जमाना होता. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत उभ्या राहिलेल्या या कारखान्याची घड्याळे घरोघरी पोहोचली होती. नोकरीला लागलेल्या मुलाच्या हातावर एचएमटीचे ‘जनता’ आणि लग्नात जावयाला सोनेरी ‘कांचन’ हे मॉडेल, ही तर रीतच झाली होती. दुरुस्तीला आलेले घड्याळ नव्यासारखे दिसावे, एवढीच तेव्हाच्या ग्राहकाची अपेक्षा असे. त्यामुळे तबकडी पुन्हा रंगवून आणणे आणि केस म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच घासून पॉलिश करणे ही आमची नित्याची कामे होती. पुढे सेलवरची घड्याळे आली आणि चावीच्या घड्याळांचे काम रोडावले.

२०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली, आणि त्यानंतर दुकानात निराळाच ग्राहक वाढू लागला. तो संग्राहक होता. त्याची आवड कशी बदलत जाते हे पाहत पाहतच आमचे कामही बदलत गेले.

बहुतेकांची सुरुवात रंगापासून होते. केशरी किंवा मोरपंखी तबकडीची एचएमटीची ‘पायलट’, जपानच्या सेको कंपनीची रंगीबेरंगी ‘फाइव्ह’ अशी घड्याळे ते हौसेने गोळा करतात. यांतल्या पुष्कळशा तबकड्या बाजारात नव्याने रंगवलेल्या असतात. मग केव्हातरी तो आमच्या टेबलाशी बसून डोळ्याला भिंग लावतो. मूळ तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ आणि ‘पॅरा शॉक’ या बारीक अक्षरांच्या कडा रेखीव असतात आणि मिनिटांच्या रेघा एकाच वर्तुळावर येऊन थांबतात. रंगवलेल्या तबकडीवर शाई पसरलेली दिसते, रेघा कमीजास्त लांबीच्या असतात आणि सेकोच्या तबकडीवर अगदी खालच्या कडेला असणारा सूक्ष्म क्रमांक बहुधा गायब असतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मग आधी ‘खराब’ म्हणून बाजूला सारलेली, पिवळसर पडलेली जनताच त्याला हवीशी वाटते. पुढे तो मागचे झाकण उघडून मशीन त्याच घड्याळाचे आहे का हे पाहतो, आणि मोठ्या आकाराचा सोस सुटून ३५ मिलिमीटरच्या आसपासचे घड्याळ त्याला मनगटावर शोभू लागते. या टप्प्यावर अनेकजण अर्धाअधिक संग्रह विकून टाकतात.

रंगीत तबकड्यांना हिणवणे मात्र मला पटत नाही, कारण त्यांना मागणी होती म्हणूनच बंद पडलेली कितीतरी घड्याळे भंगारात न जाता दुरुस्त झाली.

आता आम्ही विचारल्याशिवाय कोणत्याही केसला पॉलिश लावत नाही, कारण घासल्याने बोथट झालेल्या कडा पुन्हा धारदार होत नाहीत. बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत देतो, आणि तबकडी, काटे, चावी, मशीन यांतले मूळ काय व बदललेले काय, हे बिलावर लिहून देतो. सुटे भाग दुर्मीळ झाल्यामुळे कामातून गेलेली जनता आणि पायलट विकत घेऊन त्यांचे भाग जपून ठेवावे लागतात. सध्या दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक अस्सल एचएमटी तबकडीचा, मालकाच्या परवानगीने, भिंगाखाली फोटो काढून ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले असून नव्या संग्राहकाला खरेदीपूर्वी ताडून पाहण्यासाठी ते फोटो दुकानात खुले आहेत.