ओंडका आणि पोलाद

आज भाचीबरोबर बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजमध्ये गेले होते. शिल्पकला विभागाच्या अंगणात एका विद्यार्थिनीचं काम पाहिलं आणि तिथून पाय निघेना. कडुलिंबाचा ओंडका, साल तशीच ठेवलेली, आणि त्याला मिठी मारून बसलेला लेझरने कापलेल्या पोलादी त्रिकोणांचा सांगाडा. "मावशी, हात लावून बघा ना," ती विद्यार्थिनी म्हणाली. साल खरखरीत, पोलादाची कड गुळगुळीत, थंडगार.

बोल्टची भोकं गोल नव्हती, लांबट होती. का, तर लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तेही लाकडाच्या तंतूंच्या रेषांना आडवं जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच. पोलाद तसं हलत नाही. घट्ट आवळलं तर लाकूड तडकणार, म्हणून तिने त्याला सरकायला जागा ठेवली. किती समंजस हात!

इथेच शिकलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी १९७०च्या दशकापासून तागासारख्या दोराच्या गाठी मारून माणसाएवढी शिल्पं उभी केली. (त्यांचं काम प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर अजिबात सोडू नका.) या मुलीची वाट वेगळी आहे, पण साहित्याचं ऐकून घ्यायची सवय तीच.

बडोदेकरांनो, वेळ काढून जा. आणि सालीला हात लावायच्या आधी त्या मुलीला विचारा, ती आनंदाने हो म्हणते.