आगीनंतर जुनं घर सावरताना

आमच्या जुन्या घरात आग लागली ती वरच्या मजल्यावरच्या वायरिंगमधून. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली, म्हणून पुढे जे लिहिते आहे ते फक्त घराबद्दल. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया, लाकडी जिना असं ते घर. बघायला आलेल्या बहुतेकांचं म्हणणं एकच पडलं, पाडा आणि नवं बांधा. एका कंत्राटदाराने तर सगळ्या खोल्या न बघताच पाडकामाचा अंदाज लिहून दिला. काळं पडलेलं सगळंच गेलेलं असतं, हे मला पटत नव्हतं. ते तपासून घ्यायचं आम्ही ठरवलं.

अग्निशमन दलाने आत जायची परवानगी दिल्यावर सगळ्यात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी छताला टेकू लावून घेतले आणि मगच तुळयांना हात घातला. जाड लाकूड जळतं तेव्हा बाहेरच्या थराचा कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. नरम जातीच्या लाकडात कोळसा मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर आत सरकतो, असा इंजिनिअर लोकांचा हिशेब असतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या आगीत उघड्या बाजूचं सुमारे दोन सेंटिमीटर लाकूड जातं. कोळशाखालचा आणखी काही मिलिमीटरचा थरही ते भरवशाचा धरत नाहीत. हे सगळं वजा करून आतल्या चांगल्या लाकडाची मापं घेतली आणि त्यावर भार मोजला. आमच्या तुळया मुळात इतक्या जाड होत्या की एक सोडून सगळ्या पास झाल्या. त्या एकीचं भिंतीत बसलेलं टोक गेलं होतं, तिथे सुताराने नव्या लाकडाचा सांधा दिला. बदलावा लागला तो नंतरच्या काळात घातलेला लोखंडी गर्डर, ज्याच्याबद्दल कुणाला शंकाही आली नव्हती. ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. आमचा गर्डर मधोमध खाली वाकला होता.

भिंतींनीही बरंच सांगितलं. खिडकीचा पिवळसर दगड एका बाजूने गुलाबी झाला होता. दगडात लोहाचा अंश असेल तर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तो असा तांबूस होतो आणि तो रंग परत जात नाही. त्यावरून आच कुठे किती होती ते कळलं. गिलावा बोटांनी ठोकून बघितला. पोकळ आवाज आला तिथे तो भिंतीपासून सुटला होता, तेवढाच काढला. बाकीचा काळाकुट्ट असूनही घट्ट होता.

विम्याचं थोडक्यात सांगते. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत ढिगाऱ्यातलं काहीही टाकलं नाही. खोलीवार फोटो काढले, यादी केली. गिलावा चुन्याचा आहे आणि दुरुस्तीही चुन्यातच होणार, हे पहिल्याच पत्रात लिहून दिलं. नाहीतर अंदाजपत्रक सिमेंटचं धरलं जातं आणि फरकासाठी नंतर भांडत बसावं लागतं.

आगीपेक्षा जास्त धास्ती मला पाण्याची वाटली. बंबाचं पाणी भिंतींत मुरलेलं, फळ्यांखाली साचलेलं. ओल राहिली तर एक-दोन दिवसांतही बुरशी धरू शकते, म्हणून छतावर ताडपत्री, सगळ्या खिडक्या उघड्या आणि जमिनीच्या काही फळ्या उचलून ठेवल्या. एका सफाई कंपनीने मोठे हीटर लावून झटपट वाळवायचं सुचवलं. आम्ही नको म्हटलं. जुनं लाकूड एकदम वाळवलं तर तडकतं, पीळ खातं. साधी वाऱ्याची वाट, पंखे आणि ओल शोषणारी यंत्रं यांवर काम चालवलं, आणि तुळयांतली ओल मीटरवर २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत काहीही झाकू दिलं नाही. वाट बघणं फार जड गेलं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर कॅसल या जुन्या किल्ल्याला २० नोव्हेंबर १९९२ रोजी आग लागली आणि दुरुस्ती १९९७ मध्ये पुरी झाली, हे त्या काळात वाचलं तेव्हा मला खरोखर धीर आला.

आता काजळी. घरातल्यांची पहिली ऊर्मी असते ओलं फडकं घेऊन भिंती पुसायची. कृपा करून तसं करू नका. काजळीत तेलकट अंश असतो. पाणी लागलं की ती चुन्याच्या बारीक छिद्रांत उतरते आणि डाग कायमचा बसतो. आम्ही आधी हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीच्या) व्हॅक्यूमने, ब्रश भिंतीला न घासता, सुटी काजळी ओढून घेतली. मग धुराच्या सफाईसाठी मिळणाऱ्या कोरड्या रबरी स्पंजने वरून खाली एकेक पट्टा पुसला. स्पंज काळा झाला की त्याचा तेवढा भाग कापून टाकायचा. हे संपल्यावरच, आणि फक्त तैलरंगाच्या लाकडावर, सौम्य साबणाचं पाणी वापरलं.

धातूला मात्र थांबायला वेळ नसतो. वायरींवरचं पीव्हीसी या प्लॅस्टिकचं आवरण जळलं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि ओलीत त्याचं आम्ल होतं. त्यामुळे कड्या, बिजागऱ्या, कुलपं पहिल्याच दिवसांत पुसून तेल लावून ठेवली. पितळेवर तेवढ्यातही हिरवट डाग उठायला लागले होते.

आग गेलीच नव्हती अशा खोल्याही तपासा. गरम धूर थंड पृष्ठभागाकडे ओढला जातो, म्हणून आमच्याकडे बाहेरच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि बंद कपाटांच्या आतल्या बाजू काळ्या निघाल्या. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून कोरडा पॉलिश पेपर कुठेच मारू दिला नाही. रंग ओला करून खरवडला, तोंडाला साधा कपडा न बांधता बारीक धूळ अडवणारे मास्क वापरले. माळ्यावरचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे निघाले, त्यांना आम्ही हातही लावला नाही, ते काढणारी प्रशिक्षित माणसं बोलावली. वाळूचा मारा करून विटा साफ करायचा प्रस्तावही परत पाठवला. त्याने विटेची भाजलेली कडक साल निघून जाते आणि उघडी पडलेली वीट पाणी प्यायला लागते.

सगळ्यात कठीण गेला तो वास. पेंटर सांगत होते, शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, प्रायमर मारा, वास आत बंद होईल. शेलॅक वास अडवतो हे खरं आहे आणि तुळया, दारं, जिन्याच्या खालची बाजू इथे आम्ही तो वापरलाही. पण चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. तिच्यावर असा बंद थर दिला की आतली ओल अडकते आणि काही काळाने पोपडे सुटतात. म्हणून भिंतींवरचा सगळ्यात जास्त धूर प्यायलेला वरचा पातळ थर खरवडून काढला, गवंड्याने चुन्याचाच नवा हात दिला आणि त्यावर चुन्याची सफेदी केली. वास घालवायला ओझोन वायू सोडणारं यंत्र आणायला मी तयार झाले नाही. तो फुप्फुसांना घातक आहे, रबरही खराब करतो, आणि काजळी जागेवर असेल तर वास पुन्हा येतोच. झालंही तसंच. दमट हवा सुरू झाल्यावर एका खोलीत वास परत आला. शोधत गेलो तर जमिनीच्या फळ्यांखालच्या पोकळीत जळका भुगा राहिला होता. तो उपसल्यावर वास थांबला.

वायरिंग पूर्ण घराचं नवं केलं, न जळलेल्या खोल्यांचंही, कारण उष्णतेने कडक झालेलं आवरण बाहेरून ओळखू येत नाही. गिलावा लावण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या वायरींचे फोटो, शेजारी मापपट्टी धरून, काढून ठेवले. आता राहिलंय ते जिन्याच्या कठड्याचं काम. त्याचे जळलेले दांडे जुन्या नमुन्यावरून सुतार करून देतो आहे. भिंतीत सांधा दिलेल्या तुळईची ओल मी अजूनही मीटरने बघते.