कामाचं काही आहे का?

बुधवार, रात्रीचे साडेदहा.

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलो. कारण सांगितलं तर कोणीही हसेल. दुपारी घरचा संगणक दुरुस्तीला नेला, तर हिंगणघाटच्या दुकानात त्या पोराने विचारलं, "काका, याच्यात कामाचं काही हाये का? नाही तं जुनं सोडून विंडोज फ्रेशच मारतो." मी म्हणालो, "नाही गा, कामाचं काही नाही."

एवढंच झालं. पण तेव्हापासून ते "नाही" घशात अडकून बसलं आहे.

पोळ्यानंतर एक दिवस बटण दाबलं तर नुसतं ढिम्म. शेतातल्या मोटारींची लाइन आली-गेली की घरातले दिवे कमी-जास्त होतातच, त्यातच एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, गेला असणार. तीन महिने तसाच झाकून ठेवला. आज वेळ मिळाला तर सीपीयू खताच्या धुतलेल्या पोत्यात घातला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही, हे उपकार.

पोरगा हुशार आहे. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि काळी वायर यांच्यात एक वाकवलेली पिन घातली. पंखा फिरला नाही. "एसएमपीएस गेला." नवा बसवला तर बीप बीप सुरू. त्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, शाळेतल्या खोडरबरने त्यांचे सोनेरी दात घासले, परत खटकन बसवल्या. बीप बंद. हे सगळं एका कानात गाणं चालू ठेवून.

मग त्याने आतून ब्लोअर मारला आणि कापूस निघाला.

काळा पडलेला, प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखा बसलेला. पोरगा म्हणाला, "काका, उशी भरता येते याच्यात!" मीही हसलो. त्याला काय माहीत. चिमटीत धरून पाहिला, आत पत्तीचा चुरासुद्धा होता. २०११ चा असणार. आदल्या हंगामात भाव क्विंटलला सात हजारांपर्यंत चढला होता, म्हणून त्या वर्षी बाबांनी विकलाच नाही. हमीभाव ३३०० होता, बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. याच खोलीत आढ्यापर्यंत गंजी लागली होती आणि कोपऱ्यात हा संगणक. अंगाला खाज सुटायची. लेकरं ओसरीत झोपायची.

रोज संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून बसायचे. "लाव बरं हिशोब." मी एक्सेल उघडायचो. "पाच हजार टाकून पाह्य." टाकले की खालची बेरीज बदलायची. ते नुसते पाहायचे. "आता सहा टाक." परत बदलायची. मान हलवून उठायचे, जणू व्यवहारच झाला. शेवटी आम्ही ज्या भावाने विकला, तो आकडा त्यांनी मला टाकू दिला नाही. त्या फाइलमध्ये अजूनही सहा हजारच आहे.

आणि मी म्हणालो, कामाचं काही नाही.

का म्हणालो? धाकटीने पेंटमध्ये काढलेलं घर आहे, चिमणी तिरपी. ताईच्या लग्नाची आहेरयादी आहे. ते एक पत्र आहे, ते जाऊ दे. सोळा वर्षं माझ्या घरात जे घडलं ते कोणाच्या कामाचं नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने, गिऱ्हाइकांसमोर सांगून आलो. बसमध्ये डोळे भरून आले होते. शेजारच्याला वाटलं असेल धूळ गेली.

पण आता इथवर लिहिल्यावर आठवतं, त्याने आणखी एक वाक्य म्हटलं होतं. "हार्डडिस्कमधी बॅड सेक्टर, म्हंजे खराब झालेल्या जागा, लय हायेत. कॉपी कराले रात्र जाईन, उद्या या लागंन. तीनशे रुपये वेगळे." आणि माझी शेवटची गाडी पावणेसहाची होती.

म्हणजे घ्या! कसलं वैराग्य नाही, कसला अपमान नाही. पावणेसहाची गाडी आणि तीनशे रुपये. बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरोबर केलं.

बाकी यंत्र झकास झालं. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकली, दोन मिनिटांत सुरू होतं, पूर्वी चहा व्हायचा तोवर. आतल्या घड्याळाचा रुपयाएवढा सेलही बदलला. दोन वर्षं दर वेळी तारीख १ जानेवारी २००९ दाखवायचं आणि इंटरनेट लावलं की "तुमचे घड्याळ मागे आहे" म्हणून अडून बसायचं. ते आता थांबलं. विंडोज मात्र दहाच. अकरा या हाडावर चालत नाही म्हणे, आणि दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. नवी सून आणली तीही रिटायर्ड.

जुनी डिस्क पोराने कागदात गुंडाळून दिली. "नेता का भंगारात टाकू?" तेव्हा मात्र मी हात पुढे केला. वर १६० जीबी लिहिलं आहे, संगणक नेहमी १४९ च दाखवायचा. ती देवळीत ठेवली आहे, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. केबल लावून काढता येतं, पोरगा म्हणाला. गेलेले सेक्टर नेमके कुठले, ते लावल्यावरच कळेल.

आत्ता ही पाणी प्यायला उठली. "हे काय ठेवलं देवापाशी?"

"कामाचं आहे. हात लावू नको."

"कामाचं आहे तं डब्यात ठेवा. तिथं मुंग्या निघतात."