नामदेवांच्या शेजारी कोण बसलंय?

जुन्या चित्रातले नामदेव चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर फसाल. नरसीच्या या शिंप्याचा काळ 1270 ते 1350. आज जी चित्रं पाहायला मिळतात ती त्यानंतर कित्येक पिढ्यांनी काढलेली, म्हणजे नाक-डोळे सगळे चित्रकाराच्या मनातले. त्यापेक्षा आजूबाजूची माणसं पाहा. चित्र कुठल्या मुलखातल्या कथेवरचं आहे, ते तीच सांगतात.

आपल्याकडचा गोतावळा ओळखायला सोपा. जातं आणि त्याच्या खुंट्याला हात लावून बसलेला विठ्ठल दिसला की समोरची बाई गंगाखेडची जनाबाई. पिंडीवर पाय टाकून पडलेला म्हातारा म्हणजे विसोबा खेचर, आणि त्याचे पाय उचलून बाजूला ठेवू पाहणारे नामदेव; औंढ्याचा प्रसंग. हातात मडकी ठोकायचं थापटणं घेऊन, कोण पक्कं कोण कच्चं ते पाहायला संतांच्या डोक्यावर टकटक करणारा तेरचा गोरोबा कुंभार. त्या रांगेत एकाचंच तोंड वाकडं झालेलं असतं. तेच नामदेव, कारण कच्चं मडकं तेवढं एकच निघालं.

या थापटण्याच्या प्रसंगात वयाचा घोळ हटकून तपासावा. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई रांगेत बसलेले आहेत म्हणजे प्रसंग 1296 च्या आधीचा, ज्ञानेश्वरांच्या समाधीपूर्वीचा. तेव्हा नामदेव फार तर 26 वर्षांचे. त्यांना पांढरी दाढी लावली असेल तर चित्रकाराने हिशेब केलेला नाही, एवढंच. कथा बहुतेकांना महिपतीच्या 1762 च्या ‘भक्तविजया’तून माहीत, आणि ओव्यांमधून वयं कोण मोजत बसतो!

उत्तरेत गेलं की सोबती बदलतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं जयपूरचं एक चित्र आहे: कबीर, आणि सोबत नामदेव, शिवाय रैदास, पीपा हे उत्तरेतले संत. यांची भेट होणं शक्यच नाही. कबीर पंधराव्या शतकातले, नामदेव तोवर केव्हाच गेलेले. पण इथे चूक शोधू नये. ती भेट नाही, परंपरा आहे. ज्यांची पदं एकत्र गायली जातात त्यांना एका बैठकीवर बसवलंय. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यांतल्या एकात सुलतान मेलेली गाय उठवायला सांगतो. चित्रात सुलतान आणि गाय दिसली तर मूळ तिथे शोधा.

याहून जुनं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, सतराव्या शतकाच्या मध्यातलं मुघल काम. वर सूफी दरवेश नाचताहेत, खाली संत-योग्यांची रांग: रैदास, पीपा, नामदेव, सेना, कबीर, गोरखनाथ. नावं चित्रावरच फारसी लिपीत आहेत म्हणून बरं, नाहीतर नुसत्या चेहऱ्यांवरून कोण कुठला ते कळलं नसतं. छापील पुस्तकातल्या लहान चित्रात ही अक्षरं बुजून जातात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून पाहावं. सेना न्हाव्यावरून मात्र मुलूख ठरवू नका, तो वारकऱ्यांतही आहे आणि उत्तरेतही.

त्या रांगेत जनाबाई नाही. गोरोबा, चोखोबा, सावताही नाहीत.