तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर कोणतं?

लाइव्ह व्हिज्युअल्स, म्हणजे गाण्याबरोबर भिंतीवर किंवा वस्तूंवर प्रोजेक्टरने चित्रं खेळवणं, हे करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सॉफ्टवेअर कोणतं वापरता?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. नाव मी सांगतेच, पण आधी माझीच उलटतपासणी सुरू होते. भिंत किती रुंद? आसपास उजेड किती? प्रोजेक्टर ठेवणार कुठे? समोरच्याचा चेहरा पडतो, पण निम्मं काम इथेच ठरतं.

गणित शाळेतलंच आहे. ५००० लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रोजेक्टर टाकतो तो एकूण उजेड) प्रोजेक्टर घेऊन १६:९ ची प्रतिमा ४ मीटर रुंद केली, तर क्षेत्रफळ ९ चौरस मीटर आणि सरासरी उजेड साधारण ५५५ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे लुमेन. तोच प्रोजेक्टर १२ मीटर रुंदीवर ताणला की क्षेत्रफळ ८१ चौरस मीटर आणि हाती उरतात जेमतेम ६२ लक्स. रुंदी तिप्पट केली की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. लेन्सचा थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले प्रतिमेची रुंदी) १.५ असेल तर या रुंदीसाठी प्रोजेक्टर १८ मीटर मागे हवा. तेवढी जागा नसली तर सॉफ्टवेअर काय करणार? शिवाय १९२० पिक्सेल १२ मीटरवर पसरले की एकेक पिक्सेल ६ मिलिमीटरच्या वर जातो. बारीक नक्षी जवळून बघणाऱ्याला चौकटी-चौकटींची दिसते.

आणखी एक गोष्ट नवख्यांना पटायला वेळ लागतो: प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो उजेडच टाकू शकतो. काळं म्हणजे जिथे त्याने काही टाकलेलं नाही ती जागा, आणि तिथे भिंतीवर आधीपासून जो उजेड असेल तोच दिसणार. वर लेन्समधून थोडा उजेड झिरपतोच, त्यामुळे एखाद्या मूर्तीवर नेमकं मॅपिंग केलं, म्हणजे चित्र तिच्या आकारात तंतोतंत बसवलं, तरी अंधारात तिच्याभोवती फिकट करडा चौकोन उमटतो. पूर्ण अंधार हवाच असेल तर लेन्सवर शटर पडायला हवं.

मॅपिंगमध्ये माझा एकच हट्ट असतो. फोटो काढून त्यावर घरी मास्क (चित्र कुठे दिसावं, कुठे नको याची बाह्यरेषा) आखत बसू नका. प्रोजेक्टर जागेवर घट्ट बसवा, ग्रिड (चौकटींची जाळी) सुरू करा आणि माउसचा बाण थेट त्या वस्तूच्या कडेवरून फिरवत बिंदू टाका. बाणही त्याच लेन्समधून येतो, त्यामुळे प्रोजेक्टरला ती वस्तू जशी 'दिसते' तशीच आखली जाते. सपाट पृष्ठभागाला चार कोपरे ओढले की भागतं. गोलाईला मेश वॉर्प, म्हणजे जाळीचे अनेक बिंदू ओढून चित्र वाकवणं, लागतं. प्रतिमा वर-खाली सरकवायची असेल तर आधी लेन्स शिफ्ट (लेन्सच सरकवणं) वापरा, कीस्टोन (तिरकं चित्र सॉफ्टवेअरने चौकोनी करणं) शेवटी. कीस्टोन चित्र सरळ करतो खरा, पण त्यापायी पिक्सेल वाया घालवतो. आणि एकदा आखणी झाली की प्रोजेक्टरच्या स्टँडजवळ कुणालाही फिरकू देऊ नका.

आता नावं. तयार क्लिप्स थरांवर थर चढवून वाजवायच्या असतील तर रेझोल्यूम. त्यातही मॅपिंग हवं तर अरीना ही आवृत्ती. वस्तूंवरच काम करायचं तर मॅडमॅपर. चित्र जागच्या जागी घडवायचं तर टचडिझायनर. त्याची बिगर-व्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, फक्त रिझोल्यूशन १२८० × १२८० च्या पुढे जात नाही. खिशाला झळ न लावता कोड लिहून बघायचं असेल तर ऑलिव्हिया जॅकचं हायड्रा ब्राउझरमध्येच चालतं. यांतलं एकच निवडावं असंही नाही. मॅकवर सायफन आणि विंडोजवर स्पाउट एका प्रोग्रॅमचं चित्र दुसऱ्याकडे ताबडतोब पोचवतात.

क्लिप्स मात्र एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ठेवू नका. त्यात बहुतेक फ्रेम्स आपल्या शेजारणींच्या आधाराने साठवलेल्या असतात. क्लिप उलटी फिरवली किंवा मधेच उडी मारली की संगणकाची धांदल उडते. हॅप किंवा रेझोल्यूमच्या डीएक्सव्ही या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ती उलगडायचं बरंचसं काम ग्राफिक्स कार्ड करतं. फाइली अगडबंब होतात, पण वेगवान एसएसडी असली की निभतं.

मग यात 'लाइव्ह' काय? न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या रॉक कार्यक्रमांच्या सभागृहात १९६८ पासून जोशुआ लाइट शोची मंडळी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेच्या बशा ठेवून, त्यांत तेल आणि रंगीत पाणी हलवत गाण्याबरोबर चित्र वाजवायची. सगळं हातावर. आज संगीताच्या ठोक्याला आपोआप उसळणारे आकार एका क्लिकवर मिळतात. दोन गाणी मजा येते, तिसऱ्याला जांभई. मी संगीतातला बास (खालचे, जड सूर) फक्त एखाद्या कडेच्या जाडीला जोडते आणि बाकीचं मिडी कंट्रोलरवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या नॉब आणि सरकपट्ट्यांच्या फळीवर, घेते. माउसने एका वेळी एकच गोष्ट हलते, फेडरवर, म्हणजे सरकपट्ट्यांवर, दोन्ही हात चालतात. वेग, फीडबॅक (चित्र पुन्हा स्वतःवरच पडून उमटणारा माग), रंगाची छटा असे मोजकेच नॉब नेमते. सगळ्यात उजवीकडचा फेडर कायम ब्लॅकआउटचा (सगळं चित्र बंद करणारा), म्हणजे अंधारातही बोटांना तो शोधावा लागत नाही.